श्रीखंडाच्या डब्यातली काडतुसं

खोक्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की ही काडतुसं लहान मुलांसाठी आणि ज्यांना बंदुकीचा धक्का सोसत नाही अशांसाठी आहेत. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते. या दोन जातींपैकी मी कुठल्या जातीत मोडते हे काउंटरवरच्या माणसाला कळू नये, एवढीच त्या घडीला माझी इच्छा होती. म्हणून त्यानं कुणासाठी हवीत असं विचारल्यावर मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे बोट दाखवलं. मुलगी बारा वर्षांची, आणि माझ्याहून दोन इंच उंच. उंचीचं मी तेव्हा कबूल करत नव्हते, बुटांचा फरक आहे असं म्हणायचे. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे, आणि शांतपणे म्हणाली, "येप, फॉर मी."

मी दोन खोकी घेतली.

ही दोन हजार सहा सालातली गोष्ट. आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहायला आलो त्याला आठ वर्षं झाली होती आणि आदल्याच वर्षी ग्रीन कार्ड हातात पडलं होतं. इथे दिवाळीला एक दिवस रजा मागितली तर मॅनेजरच्या कपाळाला आठ्या पडतात, पण नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम उघडला की निम्मं ऑफिस आपोआप रिकामं होतं आणि त्यात तो मॅनेजरही असतो. पहिली काही वर्षं आम्ही याची टिंगल केली. मग मुलगी मोठी झाली, शेजारच्या अमेरिकन आजोबांची नात तिच्याच वर्गात आली, आणि टिंगल आमच्या घरात शिरली. आजोबांची उत्तरेकडे जंगलाला लागून जमीन होती. त्यांचं आख्खं घर दर नोव्हेंबरला तिथे जायचं, आणि या वर्षी नातीनं माझ्या मुलीला बोलावलं होतं.

मुलीनं आधी घरात काही न सांगता बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या क्लासचा फॉर्म आणला. सही कर म्हणाली. हस्तकलेचा क्लास असावा तशी मी सही केली. ती तो क्लास मन लावून शिकली, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवले आणि मग जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की ती शिकारीला जाणार आहे, मात्र तिच्या वयाच्या मुलांसोबत आई किंवा वडील असावेच लागतात, तसा कायदा आहे. नवऱ्यानं ताबडतोब अंग काढून घेतलं. त्याला रक्त पाहिलं की घेरी येते. ग्रीन कार्डाच्या मेडिकलला स्वतःच्याच रक्ताची नळी पाहून तो खुर्चीतून घसरला होता आणि नर्सनं त्याला संत्र्याचा रस पाजला होता. तेव्हा तो बाद. राहिले मी.

खरं सांगायचं तर मला उलट आनंदच झाला. मी नागपूरला कॉलेजात कॅडेट होते आणि आम्हाला छोट्या रायफलीनं नेमबाजी शिकवलेली होती. त्यात मला एक पदकही मिळालं होतं. पाच गोळ्या बशीएवढ्या जागेत मारल्या होत्या. लग्न होईपर्यंत ती बशी वाटीएवढी झाली, अमेरिकेत आल्यावर रुपयाएवढी, आणि मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा मी तिला सांगत होते की पाचही गोळ्या आठ आण्याच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या होत्या. मुलीनं आठ आण्याचं नाणं कधी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

हे सगळं मी शेजारच्या आजोबांनाही सांगितलं. ते ऐकून घेतात फार छान. ऐकून झाल्यावर ते म्हणाले की उत्तम, पण त्यांचा एक नियम आहे. मुलाबरोबर मचाणावर जो मोठा माणूस बसणार, त्यानं आधी त्यांच्यासमोर शंभर यार्डांवरून जेवणाच्या कागदी थाळीवर तीनपैकी तीन गोळ्या मारून दाखवायच्या. मुलाच्या हातून हरीण नुसतं जखमी झालं तर त्याला तसं तडफडत सोडायचं नसतं, पुढचं काम मोठ्या माणसानं करायचं असतं. ज्याला थाळी जमत नाही त्यानं जंगलात यायचं नाही, आणि त्याच्या मुलानंही. त्यांनी स्वतःच्या जावयालाही दोन वर्षं घरी बसवलं होतं. मी म्हटलं, थाळी म्हणजे फारच मोठी झाली. मुलगी माझ्याकडे अशा अभिमानानं बघत होती की ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी आजोबा आम्हाला गावाबाहेरच्या रेंजवर घेऊन गेले. रायफल त्यांची, वीस काडतुसांचं खोकं मी त्यांच्या सांगण्यावरून आणलेलं. ती रायफल मी कॉलेजात पाहिलेल्या रायफलीची थोरली जाऊबाई होती. तिच्यावर दुर्बीण बसवलेली. आजोबांनी सांगितलं की दस्ता खांद्यात घट्ट रोवायचा आणि डोळा दुर्बिणीपासून लांब ठेवायचा. मी म्हटलं, हो, माहितीय मला. आमच्या कॅडेटच्या रायफलीला दुर्बीण नव्हती आणि धक्का म्हणजे कुणी पाठीवर थोपटल्यासारखा, हे म्हणायचं मात्र राहून गेलं. मी डोळा दुर्बिणीला चिकटवला आणि चाप ओढला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मोठा आवाज झाला, खांद्यावर कुणीतरी लाथ घातली आणि दुर्बिणीची कडा नेमकी दोन भुवयांच्या मध्ये येऊन बसली. चष्मा कुठेतरी गेला. मुलगी "आई, यू ओके?" असं विचारत होती आणि मी म्हणत होते की जुनी सवय मोडली आहे, बाकी काही नाही. त्यानंतर मी हट्टानं आणखी पाच गोळ्या झाडल्या. त्या कुठे गेल्या ते त्या रेंजच्या मागच्या मातीच्या ढिगाऱ्यालाच ठाऊक. थाळी कोरीच्या कोरी राहिली.

कपाळावर जी जखम झाली ती अगदी रेखीव अर्धचंद्राची होती. पुढच्याच आठवड्यात मंडळाचा गणपती होता. मी पैठणी नेसले आणि ती झाकायला काही लावलं तर झोंबत होतं, म्हणून तशीच गेले. तिथे तीन बायकांनी माझ्या चंद्रकोरीचं कौतुक केलं. एकीनं विचारलं की ही टिकली कुठल्या दुकानात मिळते, किती नॅचरल वाटते. मी म्हटलं, नागपूरहून मागवली. नवरा प्रसादाच्या रांगेत उभा राहून खांदे हलवत हसत होता. त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

चंद्रकोर पुसट झाली, पण दुसऱ्या खेपेला खरा घोटाळा उघडा पडला. आजोबांनी रायफल भरल्यासारखं करून माझ्या हातात दिली, मी नेम धरला, चाप ओढला, आणि नुसतंच खट् वाजलं. त्यांनी मुद्दाम आत काहीच घातलं नव्हतं. पण मी मात्र डोळे गच्च मिटले होते, खांदा मागे घेतला होता आणि नळीचं तोंड हातभर खाली गेलं होतं. रिकाम्या बंदुकीला मी घाबरले होते. मुलगी पाठमोरी होऊन बुटाची नाडी बांधायला लागली. तिच्या बुटांना वेल्क्रो होतं.

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, अंगाला एकदा लाथेची आठवण राहिली की डोकं कितीही समजावत बसलं तरी अंग ऐकत नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांच्या बायकोसाठी ते पूर्वी घरी बसून कमी दारूची काडतुसं भरायचे. आता कंपन्याच तशी काढतात. गोळी वजनाला हलकी, दारू कमी, धक्का निम्मा. आपल्याला लागतं तेवढ्या अंतरावर हरणाला फरक कळणार नाही, पण खांद्याला कळेल. तेव्हाच आम्ही त्या दुकानात गेलो आणि मी मुलीकडे बोट दाखवलं, ते वर आलंच आहे.

हलकी काडतुसं खरोखर गुणाची निघाली. आजोबांनी दुर्बीण हलक्या काडतुसांच्या हिशेबानं लावून दिली. पहिल्या गोळीला मी सवयीनं डोळे मिटले, पण लाथ आलीच नाही, नुसता ढकलल्यासारखा धक्का आला. पुढचे तीन शनिवार आम्ही जात राहिलो. दर शनिवारी मी चार गोळ्या मारायचे, मुलगी चार मारायची. काडतुसांचा कारभार मुलीकडे होता, कारण परीक्षा तिनं दिली होती. माझ्या वयाच्या लोकांना कायद्यानं परीक्षाच माफ आहे. हे असं का, ते मला अजून कळलेलं नाही. ती मला एकेक काडतूस हातात द्यायची, माझ्या झाल्या की स्वतःसाठी भरायची. तिची पाळी आली की मी मागे जाऊन, कान झाकून आणि, लिहायला हरकत नाही, डोळे मिटून उभी राहायचे.

तिसऱ्या शनिवारपर्यंत माझ्या चारातल्या तीन गोळ्या थाळीवर बसायला लागल्या. मुलीच्या मात्र सगळ्या गोळ्या थाळीच्या वरच्या कडेला किंवा त्याच्याही वर जायच्या. जायच्या एकमेकींना अगदी लागून, पण वर. मग काय, मला विषय मिळाला. येताना गाडीत मी तिला श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, गाल कसा टेकवायचा, हे सगळं समजावून सांगायचे. आपल्याला हलकी काडतुसं मिळालीयत तर नीट शिकून घे, मनातली धास्ती काढ, असंही एकदा म्हणाले. आजोबा गाडी चालवत होते. मुलगी खिडकीबाहेर बघत "ओके, आई" म्हणायची. थाळीची परीक्षा ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी ठरली. मुलीनं स्वतःच्या खोलीत कॅलेंडरवर त्या दिवशी काही लिहिलं नव्हतं, नुसतं एक गोल वर्तुळ काढलं होतं, थाळीएवढं नव्हे, पण गोल.

आता सासूबाई. त्या जूनमध्ये पाच महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. पुण्याच्या, ताठ, कामाला वाघ. आल्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझ्या स्वयंपाकघरातलं प्रत्येक खोकं रिकामं करून त्यातला माल डब्यांत भरला. तांदूळ, पोहे हे तर झालंच, पण सीरियल, पास्ता, चहाच्या पिशव्या, डिशवॉशरच्या वड्यासुद्धा. खोकं म्हणजे झुरळांचं बाळंतपण, असं त्यांचं म्हणणं. मिनेसोटाच्या थंडीत झुरळ जगत नाही हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, दिसत नाहीत म्हणजे नसतात असं नव्हे. आमच्याकडे डबे म्हणजे श्रीखंडाचे. इंडियन ग्रोसरीतून आणलेला श्रीखंडाचा एकही रिकामा डबा आमच्या घरातून आठ वर्षांत बाहेर गेलेला नव्हता. त्यात त्यांना वाव भरपूर मिळाला. मलाही मनातून ते पटत होतं, कारण मी स्वतः तशीच आहे, फक्त ऑफिसमुळे वेळ होत नाही.

मुलीच्या क्लासात शिकवलं होतं की रायफल एकीकडे आणि काडतुसं दुसरीकडे कुलपात ठेवायची. रायफल आजोबांच्या तिजोरीत होती. काडतुसं आम्ही निळ्या सुटकेसमध्ये ठेवून नंबरचं कुलूप लावलं होतं. पण आमच्या घरातल्या सगळ्या कुलपांना एकच नंबर आहे, नवऱ्याच्या लहानपणच्या शाळेच्या बसचा, आणि तो मुळात सासूबाईंनीच ठरवलेला. त्यांना परतीच्या प्रवासासाठी बॅग भरायला घ्यायची होती. परीक्षेच्या आठवड्यात त्यांनी निळी सुटकेस उघडली.

शुक्रवारी चार वाजता, मुलगी शाळेतून आल्यावर, उद्याची तयारी म्हणून आम्ही सुटकेस उघडली तर आत सासूबाईंच्या साड्या. सासूबाई ओट्याशी भाजी चिरत होत्या. त्यांनी वरच्या कप्प्यातून श्रीखंडाचा एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेननं लिहिलं होतं, 'बंदूक'.

"तीन खोक्यांत मिळून एवढीशीच तर होती," त्या म्हणाल्या. "उगीच जागा अडवत होती. एका डब्यात बसली बघ."

मी विचारलं, आणि खोकी? तर ती गुरुवारच्या गाडीबरोबर रिसायकलिंगला गेली होती. पुठ्ठा त्या नेहमी चपटा करून, दोरीनं बांधून ठेवतात. डब्यात तीस काडतुसं एकमेकांना खेटून पडली होती, सगळी पितळी, सगळी सारखीच लखलखीत. त्यांनी ती पुसूनही ठेवली होती. त्यांत कुठली हलकी आणि कुठली जड हे आमच्या डोळ्यांना काही केल्या कळेना.

रायफलीला दोन्ही चालतात, त्यामुळे भीती नव्हती. भीती वेगळी होती. उद्या तीन गोळ्यांत एक जरी जड निघाली तर मी पुन्हा डोळे मिटणार, थाळी चुकणार, आणि मुलीचं जाणं बोंबलणार. आजोबांकडे नेला असता डबा, तर त्यांनी एका नजरेत निवडून दिली असती. पण ज्या माणसाच्या गॅरेजमध्ये खिळेसुद्धा लांबीप्रमाणे लावलेले आहेत, त्याच्यापुढे श्रीखंडाच्या डब्यात कालवलेली काडतुसं घेऊन जायला मी तयार नव्हते. मी सासूबाईंना जरा चढ्या आवाजात समजावलं की यात दोन प्रकार होते, एकाची गोळी जड, एकाची हलकी.

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "मग त्यात काय एवढं? वजन करू."

स्वयंपाकघरातला वजनकाटा जुना, स्प्रिंगचा. काडतूस ठेवलं तर काटा हलायचादेखील नाही. सासूबाईंनी तो बाजूला सारला. एक काडतूस या तळव्यावर, दुसरं त्या तळव्यावर घेऊन त्या डोळे मिटून उभ्या राहायच्या आणि बाजूला टाकायच्या. पन्नास वर्षं मंडईत कुणाला एक वेलची मारू दिली नाही, असं त्या पुटपुटत होत्या. दहा मिनिटांत दोन ढीग झाले. मुलगी त्या ढिगांकडे बघायचं टाळत होती. हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी ढीग मोजले. हलकी अठ्ठावीस, जड दोन.

मला हसू आलं आणि रागही आला. हिशेब मला पाठ होता. जड खोक्यातली आधी सहा संपली होती, म्हणजे चौदा उरायला हवीत. हलकी चाळीस आणली, त्यातली मी बारा मारली, मुलीनं बारा मारली, म्हणजे सोळा. सोळा आणि चौदा तीस. बेरीज बरोबर, वाटणी साफ चूक. मी म्हटलं, आई, राहू द्या, तळव्यांवर असं नसतं कळत. सासूबाईंचं नाक लाल झालं. मग मुलीला मी तिचा विज्ञानाच्या प्रोजेक्टचा तराजू करायला सांगितलं. तिनं कपड्याच्या हँगरला दोन बाजूंना नैवेद्याच्या वाट्या टांगल्या. ती ते फार सावकाश करत होती. एका वाटीत जड म्हणून ठेवलेलं काडतूस, दुसऱ्या वाटीत एकेक करून बाकीची. अठ्ठावीस वेळा हँगर त्याच बाजूला कलला. सासूबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"मग बारा जड काडतुसं गेली कुठे?" मी विचारलं.

"हलकी फक्त तू मारलीस," मुलगी म्हणाली. "मी नाही मारली. आय युझ्ड द रेग्युलर वन्स."

तिन्ही शनिवार ती स्वतःसाठी जड काडतुसं भरत होती. आजोबांना तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी तिचा खांदा, तिची उभी राहायची पद्धत पाहून हो म्हटलं होतं, आणि हे आईला सांगायचं नाही हेही कबूल केलं होतं. हलक्या काडतुसांसाठी लावलेल्या दुर्बिणीतून ती जड, म्हणजे दारू जास्त आणि जोरही जास्त, अशा गोळ्या मारत होती, म्हणून त्या सगळ्या वर जात होत्या. माझा श्वासाचा, गालाचा, धास्तीचा उपदेश तिनं त्या लाथा खाऊन वर ऐकून घेतला होता.

का, असं मी विचारलं. तिनं खांदे उडवले. "यू नीडेड देम, आई. आय वॉज फाइन."

सासूबाईंनी तिचा स्वेटर खांद्यावरून खाली ओढला. पुरीएवढा पिवळा-निळा डाग होता, आता मावळत आलेला. त्यांनी तिळाचं तेल कोमट केलं आणि ती "आजी, इट्स नथिंग" म्हणत असतानाच चोळायला घेतलं. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "पोरीनं तुझं झाकलं, आणि तू तिला शिकवत बसलीस."

लाज वाटली, ती तर वाटलीच. दुकानात मी ज्या सहजपणे तिच्याकडे बोट दाखवलं होतं, तेवढ्याच सहजपणे तिनं ते अंगावर घेतलं होतं, आणि मग खोटं निभावून नेताना खरा मारही खाल्ला होता. आणि मी जी आठ आण्याची गोष्ट इतकी वर्षं तिला सांगत होते, ती तिला कधीच नाण्याएवढी वाटली नसणार, हेही मला तेव्हाच कळलं. तरी ती ऐकत राहिली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि तेलाची वाटी धरून ठेवली.

पण माझा स्वभाव जाईल तर शपथ. शनिवारी सकाळी आजोबांच्या मागून आमची गाडी नेताना मी मध्येच दुकानाकडे वळवली. पोरगी बाराव्या वर्षी जड काडतुसं झेलते तर मी का नाही. मी ठरवलं होतं की थाळी जड काडतुसांनीच मारायची. काउंटरवर तोच माणूस होता. मी जड खोकं पुढे केलं तसा तो मुलीकडे बघून खूश झाला आणि म्हणाला, वा, म्हणजे यंग लेडी आता मोठ्यांच्या काडतुसांवर आली तर.

मुलीनं खोक्यावर हात ठेवला. माझ्याशी ती एरवी अर्धं इंग्रजीतच बोलते, मराठी बहुतेक आजीसाठी राखून ठेवते. त्या दिवशी ती हळू आवाजात, सगळं मराठीत म्हणाली, "आई, ही नको. आपली हलकीच घे. मला जायचंय."

त्या माणसाला काहीच कळलं नाही आणि मला सगळं कळलं. मी खोकं परत दिलं. म्हटलं, ही नकोत, हलकी आहेत आमच्याकडे, आणि ती पहिल्यापासून माझ्यासाठीच होती. तो म्हणाला, शुअर. जगात याहून साधी गोष्ट नाही अशा आवाजात. मी दोन महिने ज्या माणसाला घाबरत होते, त्याला त्याचं काहीच नव्हतं.

रेंजवर आजोबांनी कागदी थाळी लावली. मी श्रीखंडाचा डबा त्यांच्यासमोर उघडला आणि काय घडलं ते सगळं सांगून टाकलं. त्यांनी झाकणावरची अक्षरं उलटसुलट करून पाहिली. मग त्यांनी मला तीन काडतुसं काढून दिली.

पहिली गोळी मधोमध, किंचित डावीकडे. दुसरी तिच्या शेजारी. तिसरीला मागे मुलीचा श्वास अडकलेला मला ऐकू आला, म्हणजे ऐकू आल्यासारखं वाटलं, कानांवर तर मी झाकण लावलं होतं, आणि अंग पुन्हा जरासं कचरलं. आम्ही तिघं चालत थाळीपाशी गेलो. तिसरं भोक थाळीच्या डाव्या दुमडलेल्या कडेवर होतं. अर्धं कडेवर, अर्धं बाहेर. आजोबांनी खिशातली पेन्सिल त्यात घालून पाहिली, वाकून पाहिलं, टोपी काढून डोकं खाजवलं. कडा ही थाळी आहे की नाही, हा त्यांचा प्रश्न होता. मुलगी पांढरी पडली होती.

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पानात मीठ, लिंबू आणि चटणी डाव्या कडेलाच वाढतात, आणि ती वाढल्याशिवाय पान वाढलं असं म्हणतच नाहीत. हे मी पूर्ण गंभीरपणे म्हणाले. आजोबांनी मुलीला विचारलं की हे खरं आहे का. तिनं मान हलवली. माझी आजी याबाबतीत फार कडक आहे, असं ती म्हणाली. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, थाळी सुटी केली आणि मुलीच्या हातात दिली.

आम्ही गेलो. थंडीनं माझी बोटं कामातून गेली आणि मचाणावर बसून बसून कंबर धरली, पण माझ्या हलक्या काडतुसांवर वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं एका गोळीत हरीण पाडलं. सासूबाई तोवर पुण्याला पोचल्या होत्या. ती भोकं पडलेली थाळी त्यांनी साड्यांच्या घडीत घालून नेली, आणि ती त्यांच्या कपाटात आहे असं ऐकते.

शिकारीची गोष्ट आता मुलगी सांगते, मी नाही. मित्रमैत्रिणी घरी आल्या की सांगते. तिच्या सांगण्यात हरणाची शिंगं दर वर्षी थोडी वाढतात, आणि माझ्या तिन्ही गोळ्या थाळीच्या मध्यात आठ आण्याच्या नाण्याखाली झाकल्या जातात. आणि त्या गोष्टीत माझ्या बंदुकीत नेहमी जड काडतुसं असतात. तेवढ्या एका जागी मी तिला थांबवते. हलकी होती, मी म्हणते, माझ्यासाठी आणलेली. ती "ओके, आई" म्हणते आणि पुढच्या वेळी पुन्हा जडच सांगते.